रिकाम्या भेगा

डोन्या ग्रिसेल्दांनी खुराड्यामागच्या भिंतीतल्या भेगेत टॉर्च धरला आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. गुडघे धुळीने पांढरे झाले होते. त्याचं त्यांना काही नव्हतं. एक कोंबडी वैतागून त्यांच्या पायावरून पळाली.

"काहीच नाही हो इथे."

"कसं असेल?" घरमालकीण डोन्या इलारिया दारातून म्हणाली. "माझ्या हातचा गिलावा आहे. विंचुका सोडा, मुंगीसुद्धा विचारून येते."

पाठीमागे उभा असलेला डॉन रोमुलो मोठ्याने हसला आणि हसता हसताच त्याने यामिलाकडे पाहून भुवई उंचावली. यामिलाने खांद्यावरची पिशवी जवळ ओढली. पिशवीत तोंडाला जाळीचं कापड बांधलेली एक बरणी होती आणि बरणीत एक विंचुका : भिंतीच्या भेगांत राहून रात्री झोपलेल्या माणसांचं रक्त पिणारी, ढेकणासारखी. प्रयोगशाळेत वाढवलेली, निरोगी.

खोऱ्याखोऱ्यांतून पसरलेल्या संशोधकांच्या जाळ्यासाठी निधी गोळा करायचं काम या दोघांचं. गरोदर बायकांच्या आणि तान्ह्या मुलांच्या चाचण्यांना जूननंतर पैसा नव्हता. सांताक्रूसच्या डोन्या ग्रिसेल्दा तो देऊ शकत होत्या. त्यांच्या नवऱ्याचं हृदय विंचुका चावून होणाऱ्या याच आजाराने फुगत फुगत थांबलं होतं. अट एकच होती : ज्या किड्याने हे केलं, तो त्यांना त्याच्या घरात बघायचा होता.

"न दिसणाऱ्या संकटाला कोण पैसे देतं?" रोमुलो सकाळी जीपमध्ये म्हणाला होता. "त्या मक्याची दारू, चिचा, प्यायला बसल्या की भेगेत सोडून दे. एवढा एक किडा, यामिला. त्यात कोणाचं काय जातं?"

आता इलारिया खरोखरच चिचाने भरलेला भोपळ्याचा वाडगा घेऊन आली. ग्रिसेल्दा बाकावर टेकल्या. रोमुलो खोकला.

यामिला भिंतीपाशी गेली. गिलाव्यावर इलारियाच्या बोटांचे ठसे वाळून राहिले होते, चुन्याखालीही कळत होते. इथे विंचुका सापडली की उद्या गावभर होणार : इलारियाच्या घरात निघाली.  यामिला वळली आणि बरणी ग्रिसेल्दांच्या पुढ्यात बाकावर ठेवली.

"ही आमची आहे. शहरातून आणलेली. या घरात नाही मिळणार तुम्हाला, आता गावातही नाही."

रोमुलोने आभाळाकडे पाहिलं.

"अस्सं!" इलारिया म्हणाली. "आणि सोडणार कुठे होतात ही? माझ्या भिंतीत?"

ग्रिसेल्दांनी चष्मा चढवला, बरणी उजेडात धरली आणि सावकाश फिरवली. किड्याच्या कडेचे नारिंगी पट्टे त्या बराच वेळ बघत होत्या.

"दिसायला काही वाईट नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "चावली की दुखतं का गं?"

"नाही. झोपमोडही होत नाही."

"आणि आता गावात ती नाही. मग तुम्हाला पैसे कशाला हवेत?"

रोमुलो पुढे सरसावला. "डोन्या ग्रिसेल्दा, आमच्या माहितीपत्रकात..."

"तिला विचारलंय मी, डॉन रोमुलो."

"भिंतीतून गेली," यामिला म्हणाली. "पण आधी चावलेली माणसं आहेत. आजार रक्तात असतो, पण वीस-तीस वर्षंसुद्धा काही कळत नाही. आईकडून बाळाला जातं, आईला पत्ताच नसतो."

"अशी माणसं ओळखायची कशी?"

"नुसतं बघून ओळखता येत नाहीत. मातीच्या घरात लहानपण गेलेलं कोणीही असू शकतं." तिने ग्रिसेल्दांकडे पाहिलं. "तुम्ही मूळच्या मिस्के खोऱ्यातल्या ना? तिथली घरंही मातीचीच."

ग्रिसेल्दांनी बरणी खाली ठेवली.

"नवऱ्याच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, तुम्हीही करून घ्या," त्या म्हणाल्या. "म्हटलं, करू. मग राहिलं." त्यांनी भोपळ्यातून एक घोट घेतला. "मुली तीन आहेत मला."

इलारिया त्यांच्या शेजारी येऊन बसली, जरा जोरातच. "माझ्या तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या होत्या. म्हणजे लागण आहे म्हणाले."

"मग काय केलंत?"

"काय करणार? बटाटे काढायचे होते, ते काढले. मग गोळ्या. अंगभर पुरळ उठलं. नवरा म्हणे, बटाट्यालाच कोंब फुटलेत."

ग्रिसेल्दा हसल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी यामिलाच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"त्या पट्ट्या आहेत तुझ्याकडे?"

"आहेत. शाळेतल्या मुलांसाठी आणल्यात."

"शाळेला एक कमी पडेल?"

"नाही पडणार."

रोमुलोने सवयीने कॅमेरा काढला, ग्रिसेल्दांच्या हाताकडे पाहिलं आणि परत ठेवून दिला.

यामिलाने बोट पुसलं, टोचलं. रक्ताचा थेंब पट्टीवर पडून गुलाबी पसरत गेला. तिघी बायका त्या पांढऱ्या चौकोनावर वाकल्या. थोड्या वेळाने एक रेघ उमटली. ग्रिसेल्दांनी मान वर करून यामिलाकडे पाहिलं.

"ही सगळ्यांनाच येते," यामिला हलकेच म्हणाली. "पट्टी चांगली आहे, एवढाच तिचा अर्थ. दुसरी आली तर इथे, डावीकडे."

"सांगू नकोस," ग्रिसेल्दा म्हणाल्या आणि चष्मा नाकावर वर सरकवला. "मला बघू दे."