जज्जाचा गुडघा

ट्रेमधले कप किणकिणले, आणि बैठकीतली शांतता मोडली.

आवाज अगदी बारीक होता. लुतालोकाकांना तो ऐकूही आला नसेल. ते खुर्चीला छत्री नीट टेकवून ठेवण्यात गुंतले होते. नाब्बोसाने मात्र ऐकला. तिची आई झालवांगो ट्रे घेऊन आपल्या थोरल्या दिरासमोर चटईवर गुडघे टेकत होती, आणि उजवा गुडघा जमिनीला लागला त्याच क्षणी कप एकमेकांवर वाजले. चेहऱ्यावर काही नाही. तेच हसू, तीच झुकलेली नजर.

"प्रवास बरा झाला ना, भाऊजी?"

"बरा झाला. घरी सगळे?"

"आहेत. तिकडचे?"

"आहेत."

"म्म्."

"म्म्."

हुंकाराला हुंकार देत दोघांनी घरादाराची, शेळ्यांची, केळीच्या बागेची विचारपूस संपवली. तेवढा सगळा वेळ झालवांगो गुडघ्यांवरच होती. काकांनी कप तोंडाला लावला तेव्हा कुठे तिने खुर्चीचा पाय धरून स्वतःला वर ओढलं.

युगांडातल्या मसाकाजवळच्या या वस्तीत तिला सगळे आत्याच म्हणत. लग्न ठरलेल्या मुलीला वळण लावायचं काम आत्याचं, आणि झालवांगोच्या सख्ख्या भाच्या केव्हाच नांदायला गेल्या तरी लोक आपापल्या मुली तिच्याकडेच पाठवीत. पाहुण्यासमोर गुडघे टेकावेत ते तिनेच. पावलं वाजत नाहीत, अंगावरच्या गोमेसी झग्याची घडी विस्कटत नाही, आणि काही दुखलंखुपलं तर ते कपाळावर उमटत नाही.

घोटाळा झाला तो या वळणामुळेच.

आदल्या दिवशी नाब्बोसा तिला कंपालाला डॉक्टर सेकाबिरांकडे घेऊन गेली होती. गुडघा आतल्या बाजूने पार झिजला होता. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. झिजलेला तेवढाच भाग बदलायचा, हा एक. त्यात पुष्कळ जणींना पुढे गुडघे टेकता येतात. पण वाटीखालीही झीज असेल तर त्याचा उपयोग नाही, दुखणं मागे राहतं आणि पुन्हा सुरी लावावी लागते. तसं असेल तर सगळाच गुडघा बदललेला बरा. दुखणं जाईल, बाजारापर्यंत चालता येईल. टेकता येईलच असं मात्र सांगता येत नाही.

"एक्स-रेत वाटीखाली थोडं काहीतरी दिसतंय," ते म्हणाले. "गुडघ्यावर भार दिला की पुढून दुखतं का, आत्या?"

झालवांगो तपासणीच्या टेबलावरून उतरली, फरशीवर गुडघे टेकले आणि डॉक्टरांना रीतसर नमस्कार केला. हसत.

"वा! मग अर्धाच पुरे," डॉक्टर म्हणाले. आज फोन करून ते तारीख पक्की करणार होते.

चहा घेऊन काका बाग बघायला गेले. आजीला जज्जा म्हणणारी नाब्बोसाची छोटी मुलगी तेंदो त्यांच्या मागे पळाली. नाब्बोसा मागच्या अंगणात आईशेजारी केळी सोलायला बसली.

"आई, तू खोटं बोललीस."

"मी? मी तोंड तरी उघडलं का?"

"तेच ना! ते दुखतं का विचारत होते."

"मग काय करायचं होतं? एवढा मोठा डॉक्टर, आणि त्याला नमस्कार करताना लिंबू चाखल्यासारखं तोंड करू?"

"हो, करायचं! दवाखाना होता तो."

"तुला शिकवत होते तेव्हाही तुझं लक्ष नसायचं," झालवांगो हसली. मग तिची सुरी थांबली. "सगळा बदलला तर मी खुर्चीत बसणार बिशपसारखी. दारात माणूस येणार आणि मी त्याच्याकडे वरून बघणार. पोरींना काय शिकवू मग? खुर्चीतून?"

"आणि अर्धा बदलून पुन्हा कण्हत बसलीस तर?"

"मी कण्हते का कधी?"

"नाही. कप वाजतात."

केळ्याची साल झालवांगोच्या बोटांत तशीच लोंबत राहिली. "तू सांगू नकोस त्यांना," ती हळूच म्हणाली. "एवढं ऐक माझं."

फोन नाब्बोसाच्याच मांडीवर होता. खरं सांगावं तर आईकडून तिचं वागणंच काढून घेतल्यासारखं होणार होतं. गप्प बसावं तर आईचं दुखणं तिच्याच पदरात टाकल्यासारखं.

काका बागेतून परतले. त्यांना गाठायला तेंदो धावली, फाटकाजवळच्या खडीवर सपशेल आपटली, उठली, आणि आहे तिथेच खडीवर गुडघे टेकून त्यांना नमस्कार केला. हसत. काकांनी कौतुकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते घरात गेले.

"बघितलंस?" झालवांगो म्हणाली. "माझी पोर आहे."

पोर जवळ आली. फ्रॉकची किनार लाल झाली होती, गुडघ्यात खडे रुतले होते.

"अगं बाई! दुखत नाही का गं?" नाब्बोसाने विचारलं.

"खूप दुखतंय," तेंदो म्हणाली, तोंडावर तेच हसू. "पण जज्जा म्हणते, पाहुणे आत जाईपर्यंत दिसू द्यायचं नाही. गेले का ते?"

"गेले, बाळा."

मग तिने गळा काढला.

झालवांगोने नातीला मांडीवर ओढलं आणि ओल्या फडक्याने एकेक खडा काढू लागली. फोन वाजला तेव्हा नाब्बोसाने आईकडे बघितलं. आईने हात पुसले आणि फोनसाठी एक हात पुढे केला.

आधी डॉक्टरांची, त्यांच्या घरच्यांची विचारपूस झाली. मग ती म्हणाली, "डॉक्टर, काल मी हसत होते ना, ती आमची रीत आहे हो. दुखत होतं. पुढूनच दुखत होतं. फार." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. "हो, सगळाच करा. … मग टेकता येईल का कधी?" ती ऐकत राहिली.

"म्म्," ती म्हणाली. "म्म्."

शस्त्रक्रियेनंतर, अंगणात कॉफीच्या बिया वाळत होत्या त्या दिवसांत काका पुन्हा आले. झालवांगो सरळ पावलं टाकत फाटकापर्यंत गेली आणि त्यांची छत्री तिनेच घेतली. बैठकीत मात्र ती त्यांच्यासमोर खुर्चीत बसली, आणि विचारपूस सुरूच होईना. गोमेसीचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं.

तेंदो ट्रे घेऊन आली. कप वाजले नाहीत. तिने काकांसमोर गुडघे टेकून आपला नमस्कार केला. मग गुडघ्यांवरच सरकत ती जज्जाच्या खुर्चीपुढे गेली, काकांकडे वळून मान झुकवली आणि जज्जाच्याच शब्दांत म्हणाली,

"प्रवास बरा झाला ना, भाऊजी?"

काकांच्या मिशा हलल्या. पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "बरा झाला," ते खुर्चीकडे बघत म्हणाले. "घरी सगळे?"

"आहेत," तेंदो म्हणाली. "तिकडचे?"

"आहेत. म्म्."

"म्म्," खुर्चीतून आवाज आला.

नंतर स्वयंपाकघरात तेंदोने रिकामा ट्रे ठेवला, गुडघ्याला चिकटलेली चटईची काडी काढली आणि नाब्बोसाकडे बघितलं.

"आई, जज्जाच्या वाटचं मी कधीपर्यंत करायचं?"