तालाय येणार म्हणून

"सुयुन्चू, आपा, सुयुन्चू!" मेरिम फाटकातूनच ओरडली, आणि आता मागे फिरता येणार नाही हे ओरडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

बुरुल आपा अंगणात गोवऱ्या रचत होती. ती ताठ उभी राहिली. नारीनकडच्या गावांत हा शब्द ऐकला की माणूस हातातलं काम टाकतो. चांगली बातमी घेऊन जो पहिला येतो तो असं ओरडतो, आणि ऐकणाऱ्यानं खुशाली म्हणून काहीतरी त्याच्या हातावर ठेवायचं असतं. गाय व्याली, नातू झाला, कुणी परीक्षेत पास झालं, गावातली पोरं यावर टपलेलीच असतात. बुरुल आपाचा मुलगा तालाय मात्र कामासाठी दूर गेला आणि त्याची खबर थांबली, तेव्हापासून दोन वर्षांत तिच्या फाटकाशी हा शब्द कुणी काढला नव्हता.

"काय गं? काय झालं?" म्हातारीचा आवाज एवढासा झाला.

"तालाय आके येतोय. गुरुवारच्या गाडीनं. गाडीवाल्या असानला बिश्केकमध्ये निरोप मिळाला."

आपानं आधी हात धुतले, रुमालाची गाठ सोडली आणि पाचशे सोमची नोट मेरिमच्या मुठीत कोंबली. कोळशासाठी ठेवलेली नोट होती ती.

"एवढीच आहे गं माझ्याकडे. खरं तर तुला मेंढी द्यायला हवी," ती म्हणाली आणि मेरिमचं कपाळ हुंगून तिथंच रडायला लागली.

मेरिमला पाचशेच हवे होते. वर्गाला नवे पडदे घ्यायचे होते, प्रत्येकी पाचशे. बाई काही दुष्ट नव्हत्या, पण पैसे न आणणाऱ्यांना रोज सकाळी उभं करायच्या. आधी सातजण उभे राहायचे, मग तिघं, आणि गेल्या आठवड्यापासून मेरिम एकटी. बाप वारलेला. आई दुसऱ्यांच्या शेतात बटाटे काढायला जायची आणि मजुरीही बटाट्यातच मिळायची. घरात बटाटे भिंतीपर्यंत रचलेले आणि पैसा औषधालाही नाही. "पडदे म्हणे! उन्हानं कोण मेलंय आजवर?" असं आई हसून म्हणाली होती, पण नंतर बराच वेळ ती मेरिमकडे बघत नव्हती. रविवारी शेजारच्या पोरीला काकूच्या बाळंतपणाची बातमी सांगून दोनशे सोम मिळालेले मेरिमनं पाहिले, आणि कुठली बातमी किती मोठी असेल याचा विचार ती रात्रभर करत राहिली.

मंगळवारी तिनं नोट दिली. बाई म्हणाल्या, "शाबास. बस." मेरिम बसली. बसल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं, ते काही वाटलं नाही.

तिकडे बुरुल आपानं घराला चुन्याचा हात दिला. तालायची रजई पेटीतून काढून उन्हात घातली. मेंढी फाटकाजवळ आणून बांधली, तो आला की त्याच्या समोरच कापायची म्हणून. बुधवारी बायका बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायला जमल्या, त्यात मेरिमची आईही गेली. परत आली ती अंगाला तेलाचा वास घेऊन, गालातल्या गालात हसत.

"आपानं मला वर बसवलं, माहितीये? दारापासून लांब, पाहुण्यांच्या जागी. सगळ्यांना सांगत होती, हिच्या पोरीच्या तोंडून बातमी आली म्हणून." तिनं फडक्यात बांधून आणलेले बोर्सोक मेरिमपुढे ठेवले. "खा की. गरम आहेत अजून."

आईला गावात कुणी कधी वर बसवलं नव्हतं. मेरिमनं एक तुकडा तोंडात घातला आणि तो तिला गिळवेना.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता आपाकडे गेली. आपा रजई उलटी करत होती. डोक्याला ठेवणीतला पांढरा रुमाल.

"आलीस? बरं झालं. आपण दोघी मिळून जाऊ रस्त्यावर."

"आपा, तालाय आके येत नाहीये." मेरिम एका दमात बोलली. "असान मला भेटलाच नाही. मला पडद्याचे पैसे हवे होते."

आपाचा हात रजईवर होता तो तिथंच राहिला. तिनं विचारलं, "म्हणजे त्याचा काहीच निरोप नाही?"

"नाही."

"जिवंत आहे, एवढंसुद्धा नाही?"

मेरिमनं मान हलवली. तिला रडू येत होतं, पण या अंगणात आपल्याला रडायचा हक्क नाही असं तिला वाटलं.

"नुसते मागायचेस की गं," आपा म्हणाली. "दिले असते मी."

"मी बटाटे आणून देईन. दोन पोती."

"सुयुन्चूचं दिलेलं परत घेत नाहीत." आपा भिंतीला टेकली. "आईला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस."

तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. आपानं रुमाल सारखा केला आणि चालायला लागली. मेरिम मागोमाग गेली. थांब्यावर शेजारपाजारचे जमले होते. गाडीतून दोन म्हाताऱ्या आणि पिठाची पोती उतरली.

"काय रे असान," शारापात काकूनं विचारलं, "तालाय कुठाय? निरोप तूच आणलास ना?"

"मी? कसला निरोप?" असान बुचकळ्यात पडला.

मेरिम आपाच्या मागे सरकली. आईसुद्धा शेतातून तिथंच येऊन उभी होती, मातीच्या हातांनी.

"त्याला कशाला विचारतेस?" बुरुल आपा म्हणाली. तिनं खिशातून चिकटपट्टी लावलेला फोन काढून वर धरला. "मलाच फोन आला सकाळी. मालक सुट्टी देईना म्हणाला. बर्फ वितळल्यावर येतो. पोरीनं निरोप बरोबर आणला होता, त्याचंच जमलं नाही."

"होय का? आवाज कसा होता?" काकूनं विचारलं.

"चांगला होता. जाड झालाय म्हणत होता."

सगळ्या हसल्या. अहो आपा, मग वसंतातच मेंढी कापू, असं कुणीतरी म्हणालं. मेरिमच्या आईनं पुढं होऊन आपाचा हात धरला. आयुष्यात कधी खोटं न बोललेली म्हणून गाव जिच्या शब्दावर भांडणं मिटवत असे, ती आपा सर्वांदेखत एवढं खोटं बोलली, आणि कुणाला शंकाही आली नाही. मेरिमला वाटलं, तिनं आपल्याला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मेरिम आणि आपा परत आल्या तेव्हा अंगणातून ऊन गेलं होतं. आपानं मेंढीला गोठ्यात सोडलं. मग रजईपाशी आली.

"ते टोक धर," ती म्हणाली.

मेरिमनं धरलं. रजई गार पडली होती. दोघींनी ती घडी करत करत एकमेकींजवळ आणली. आपानं ती छातीशी धरली आणि पेटी उघडायला आत गेली.