पेटीतली सून

काउको मास्तरांची एक खोड मला पहिल्यापासून खटकायची. दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलायची आणि ती कशी धरावी हे घरमालकिणीलाच शिकवायचं. युद्धात सीमा सरकली, आमची कारेलियातली गावं पलीकडे रशियात गेली आणि आम्ही इथे साव्हो प्रांतात येऊन पडलो. तेव्हा हेच मास्तर आमच्या देवाच्या तसबिरी बघून नाक मुरडत. मग हेलसिंकीहून कुणी विद्वान येऊन सांगून गेला, की कारेलियन बायकांचं प्रेतावरचं रडगाणं म्हणजे देशाचा ठेवा. लगेच मास्तरांनी गावच्या नाटकात अंत्ययात्रा घातली आणि माझ्या दारात हजर.

मला अक्षरं जेमतेम येतात. रडगाणं मात्र मी मावशीच्या मागे उभी राहून शिकले, आणि त्याचे नियमही. मेलेल्याचं नाव किंवा नातं उघड उच्चारायचं नाही, वळसा घालून बोलायचं. आणि जिवंत माणसावर कधी रडायचं नाही. रडगाणं ही मरणाची वाट आहे, ज्याला तिच्यावर घालाल तो चालू लागतो.

तालमीत मास्तर म्हणाले, "ऑक्सेन्याबाई, 'मला ऊब देणारी पांढरी सावली' हे कुणाला कळणार? सरळ 'आई' म्हणा. आणि लवकर आटपा, मागे गायकमंडळी खोळंबतात."

"मास्तर, तुमची आई गेली तेव्हा तुम्ही घड्याळ लावून रडलात का?"

बायका रुमालात तोंड घालून हसल्या. मास्तर कानापर्यंत लाल झाले.

तालमीत शवपेटीत पेंढ्याचं बुजगावणं असायचं, म्हणून मी हो म्हटलं होतं. पेंढ्याचं काय, तो आधीच कापलेला.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. पडदा सरकला, मी पेटीपाशी गेले, तर आत चेहऱ्याला खडू फासून माझी सून पालागा. पेंढा खोटा दिसतो म्हणून मास्तरांनी ऐनवेळी तिला निजवलं होतं. मुलगा माझा युद्धात गेला. मागे राहिली ती ही एकटी.

"ऊठ," मी हळूच म्हटलं.

"सासूबाई, रडा ना गुपचूप," ती ओठ न हलवता पुटपुटली. "मला रशियनीण म्हणणारे सगळे समोर बसलेत. पहिल्यांदाच कुणी काम दिलंय."

"कसलं काम? मरून पडायचं?"

"मास्तर रागावतील."

"रागावू देत. जिवंत माणसं रागावतातच."

पडद्याआडून मास्तर "सुरू करा, सुरू करा" करत होते. मी पालागाचं मनगट धरून तिला उठवून बसवलं. पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मेलेली उठली," आणि सभागृह खदखदलं. पालागा रडत बाजूला झाली.

आता पेटी रिकामी आणि बाक भरलेले. मी पेटीकडे पाठ केली, पूर्वेकडच्या भिंतीला तोंड केलं. त्या दिशेला आमची कबरस्तानं राहिली होती. सात वर्षं तिथे ना कुणी रडलं होतं, ना कबरींवर ईस्टरची अंडी ठेवली होती. रुमाल गालाला लावला आणि आवाज उचलला. गावाचं नाव घेतलं नाही, कुणा माणसाचंही नाही. तरी मागच्या बाकांवरच्या आमच्या बायका एकेक करून उठल्या, मंचावर आल्या आणि कबरीपाशी राहतात तशा एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. हसणं केव्हाच थांबलं होतं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली. पालागा माझ्या मागे येऊन पाठीला हात लावून उभी राहिली, कारण रडणारीला कुणीतरी धरावं लागतं. नाटकानंतर द्यायची कॉफी गार झाली. गायकमंडळी टाय बांधून तशीच राहिली.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी मास्तर वही मुठीत आवळून आले.

"नाटक बुडवलंत तुम्ही. पुढच्या प्रयोगाला मी दुसरी बाई आणेन. शिकवून तयार करीन."

पालागा खाली मान घालून खडू पुसत होती. मी कप ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आणा, मास्तर. चाल शिकवाल, पण तिची माणसं पलीकडे पुरलेली नसतील तर ती काय गाणार? तुम्हाला आमचं दुःख हवं, पण आम्हाला तुम्ही पेटीत निजवता. माझ्या सुनेला पुढच्या नाटकात उभं राहून बोलायचं काम द्या, आमच्या बोलीत. ते जमत नसेल तर नाटकं सोडा आणि पोरांना पाढे शिकवा. माणसं ओळखणं तुमचं काम नाही."