आईला हत्ती दाखवायचे राहिले

आमच्या बाबांनी उभा जन्म गोऱ्या पाहुण्यांना जंगलात पायी हिंडवून हत्ती दाखवले. आईला मात्र नाही. लुआंग्वा नदीच्या काठीच तिचं आयुष्य गेलं, पण तिच्या लेखी हत्ती म्हणजे अंधारात येऊन मका तुडवणारे चोर. "एकदा दिवसाउजेडी बघायचेत हो, पिल्लांना घेऊन पाणी पिताना," ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "पुढच्या हंगामात." जळला मेला तो पुढचा हंगाम! दरवर्षी पाहुणे जाऊन आले आणि आई चुलीपाशीच राहिली.

मग तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. मी घरी येऊन बाबांवर तुटून पडले. "परक्यांची पोरं खांद्यावर घेऊन हिंडता, आणि हिचं काय?" दुसऱ्याच दिवशी बाबा त्यांच्या सफारी कॅम्पच्या मालकाची परवानगी घेऊन आले.

सकाळी निघालो. पुढे बंदूकवाला चिलेशे, मग बाबा, मग आई, शेवटी स्टूल आणि चहाचा थर्मास घेऊन मी. आईने ठेवणीतलं चितेंगे, लालभडक छापील कापड, कमरेला गुंडाळलं होतं.

"म्हातारे, लग्नाला निघालीस काय?" चिलेशे म्हणाला. "उंदीरखाऊंना जंगलात यायची रीतच नाही ठाऊक!"

"तू गप रे माकडखाऊ! कुणाकडे जायचं तर नीटनेटकं जावं," आई म्हणाली.

चिलेशे बेम्बा जमातीचा, आम्ही न्गोनी. त्यांचं-आमचं चेष्टेचं नातं आहे. काहीही बोलावं, समोरच्याने राग धरायचा नाही. मयताच्या दारातही नाही; तिथे तर सोंग काढून हसवायची रीतच आहे.

आई दमायची, मी स्टूल टेकवायची, ती बसायची, पुन्हा उठायची. नदीजवळच्या दाट झुडपांपाशी चिलेशेने मूठ वर केली. मूठ वर झाली की जागच्या जागी थांबायचं. पाहुण्यांना मागे ठेवून वाटाड्याने आधी स्वतः बघून यायचं, ही इथली पद्धत. बाबा वाकून पुढे गेले. पलीकडे फांद्या कडाकड मोडत होत्या. आईने माझा हात घट्ट धरला.

बाबा परत आले ते हाताने खुणावतच, मागे फिरा.

दूर झाडाखाली चहा ओतताना माझ्या जिभेचा तोल सुटला. "चार पावलं! चार पावलं पुढे नेली असती तर काय बिघडलं असतं?"

"तान्हं पिल्लू होतं गं. वारा बदलला, आपला वास तिकडे गेला. अशा वेळी पाहुण्यांना पुढे नेत नाहीत."

"पाहुणी!" आई हसली. "इतका संसार केला तुमच्याशी, आणि आज पाहुणी झाले होय?" मग हळूच म्हणाली, "जाऊ द्या. पोटं गुरगुरताना ऐकली मी त्यांची."

"उद्या परत येऊ. नक्की," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही. त्या आठवड्यातच गेली.

बाबा रडले नाहीत. भिंतीला टेकून बसायचे आणि "चार पावलं" एवढंच पुटपुटायचे. मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला नाही, खोटं कशाला सांगू? मला राग होता आणि मला माझी आई हवी होती.

शवपेटी उचलून सगळे निघालो. वाटेत चिलेशे आडवा आला. कमरेला आईचं लाल चितेंगे, खांद्यावर बंदुकीसारखी काठी. त्याने मूठ वर केली. सगळी मयताची रांग थांबली.

"मागे फिरा!" तो ओरडला. "वारा बदललाय! पाहुण्यांना पुढे सोडत नाही आम्ही!"

बायका रडता रडता खो खो हसल्या. मला वाटलं, त्याच्या एक थोबाडीत द्यावी. रीत गेली खड्ड्यात!

बाबा रांगेतून पुढे आले. चिलेशेची वर केलेली मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि खाली आणली.

"पाहुणी नाही रे ती, माकडखाऊ," ते म्हणाले. "बायको आहे माझी. जाऊ दे तिला पुढे. बघू दे." आणि तिथेच, सगळ्यांदेखत, त्यांनी हंबरडा फोडला.

चिलेशे डोळे पुसत बाजूला झाला. रांग पुन्हा चालू लागली. त्या दिवशी आई पुढे होती आणि बाबा तिच्या मागे चालत होते.