खालच्या विहिरीची बाटली

पाण्याच्या बाटल्यांवरून मला कोणी शहाणपण शिकवायला येऊ नये, असं मी पुष्कळ दिवस स्वतःशीच म्हणत होते. उपकेंद्राची नर्स काय काय निस्तरते ते कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्याला काय कळणार! आठ वाड्या, बाळंतपणं, लसी, कुटुंबनियोजनाचं टार्गेट, आणि वर दर महिन्याला तीन विहिरींच्या पाण्याचे नमुने. दोन विहिरी एसटीच्या थांब्याजवळ. तिसरी खालच्या वाडीची. वाडीपर्यंत मी जायचेच, पण विहीर त्याच्याही खाली, खाडीच्या अंगाला, जांभ्याच्या दोनशे पायऱ्या उतरून. पहिलं वर्षभर उतरले. मग एका पावसाळ्यात घसरले, गुडघा कामातून गेला, आणि त्या महिन्यात तिन्ही बाटल्या मी वरच्याच विहिरीतून भरल्या. चिठ्ठ्या मात्र तीन विहिरींच्या चिकटवल्या. कोणाला पत्ता लागला नाही. पुढच्या महिन्यात गुडघा बरा होता, तरी तेच केलं. अशी पाच वर्षं गेली.

प्रयोगशाळेचं उत्तर ठरलेलं, ‘पिण्यास योग्य’. ते तालुक्याच्या तक्त्यात चढायचं आणि तक्त्याची नक्कल माझ्या सहीनिशी पंचायतीच्या फळ्यावर लागायची.

शहाऐंशीच्या मे महिन्यात खालच्या वाडीत कावीळ शिरली. आधी दोघं, मग पंधरा दिवसांत अकरा. बाकीच्यांची मला एवढी धास्ती नव्हती. माझा जीव टांगणीला लागला तो झुबेदापायी. नवरा अस्लम दुबईला, घरात ती आणि तिची सासू मासूमाचाची, आणि पोरीला सातवा महिना. गरोदर बाईला ही कावीळ झाली तर आई आणि मूल दोन्ही हातचे जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पंचायतीत ब्लीचिंग पावडरचं पोतं रिकामं. म्हणून मी तालुक्याला गेले. तिथले कारकून रावजी तसे भले माणूस. त्यांनी तक्ता उघडून माझ्यापुढे धरला.

“बाई, पावडर आणि डॉक्टरांची गाडी खराब विहिरींना आधी. तुमची खालची विहीर तर पाच वर्षं नंबर एक. साहेब म्हणतील, कावीळ मुंबईच्या चाकरमान्यांनी आणली.”

“तक्ता चुकीचा आहे.”

“मग तसं लिहून द्या. चूक कुठली आणि कोणाची.” कोरा कागद पुढे सरकवून ते हळूच म्हणाले, “लिहिलंत तर नोकरीवर येईल. मागाहून म्हणू नका, रावजी बोलला नाही.”

घरी माझा नवरा रामा गिरणीतल्या अपघातापासून अंथरुणाला खिळलेला. चूल पेटते ती माझ्या पगारावर. मी दोन ओळी लिहिल्या आणि तिथेच थांबले. मेला राग तरी कोणावर काढायचा? सगळी अक्षरं माझीच होती. कागद चुरगाळला आणि म्हटलं, “नवा नमुना आणते.”

“आणा. उत्तराला आठ दिवस लागतील,” रावजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्या पायऱ्या उतरले. पाच वर्षांनी. विहिरीच्या काठाला पाणी मुरून चिखल झाला होता आणि वरच्या अंगाने वाडीचं सांडपाणी सरळ विहिरीत झिरपत होतं. बाटली भरली.

वर येऊन घरोघर सांगत सुटले, पाणी उकळून प्या. मासूमाचाचींनी मला पडवीत बसवलं आणि हसल्या.

“ज्यांना अक्कल नाही ते वहाळाचं, ओढ्याचं पाणी पितात, बाई. त्यांना सांगा. मी सुनेला जपते. आधी वरच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा आणायचे. मग फळ्यावर तुमचा कागद वाचला. तेव्हापासून हिला फक्त आमच्या विहिरीचं पाणी देते. दुसरा थेंब नाही.”



तेवढ्यात झुबेदा पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. उन्हात तिचे डोळे दिसले. पांढऱ्यात पिवळी झाक उतरली होती. “बाई, घ्या,” ती म्हणाली, “दमून आलात.”

“नको गं, राहू दे.”

मासूमाचाचींचा चेहरा पडला. “एक बोलू? एवढ्या वर्षांत तुम्ही इथे चहाच घेता. पाणी कधी घेतलं नाहीत. मी समजून होते. तुमचा धर्म वेगळा, तुमच्या घरी चालत नसेल. मनाला लावून घेतलं नाही कधी.”

आता पळायला जागाच उरली नाही. हो म्हटलं असतं तर सुटले असते. चाचींनी तीही गोष्ट पोटात घातली असती. पण ते खोटं माझ्याच्याने बोलवेना.

“धर्माचं काही नाही हो, चाची. मला या पाण्याची भीती वाटते. मी हे कधी तपासलंच नाही. फळ्यावर लागतं ते उत्तर वरच्या विहिरीचं.”

चाचींनी सुनेकडे पाहिलं.

झुबेदा पेला हातात धरून तशीच उभी होती. आवाज चढवला नाही तिने.

“बाई, तुम्ही घाबरून पीत नव्हता,” ती म्हणाली, “तर मला का पिऊ दिलंत?”