शेंदरी तुकडा

दोन्ही हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत बुडवून वडिलांनी शेंदरी स्पंजच्या फांदीवर पाते टेकवले. फांदी आपली म्हणायची. होता तो समुद्रातला मुका जीव. ना डोळा ना तोंड, अंगभर नुसती छिद्रे, त्यांतून पाणी पीत जगणारा. त्यांनी त्याला तळहाताच्या फोडासारखे जपले होते.

"अहो, लेक परत निघालीय, आणि तुमचं ऑपरेशन कसलं चाललंय?" आतून बायकोचा आवाज आला.

"तिच्यासाठीच चाललंय!"

लेकीने तिकडे आपल्या घरी स्वतःची छोटी टाकी मांडल्याचे त्यांना बायकोकडूनच कळले होते. विचारले तर नको म्हणेल, म्हणून न विचारताच त्यांनी पाते हाती घेतले होते.

लेक दाराशी बॅगेजवळ उभी होती. टाकीपासून लांब, नेहमीसारखी.

"जवळ ये की. चावत नाही तो."

"तो नाही चावत," ती हसून म्हणाली.

पाते फिरले, तुकडा अलगद सुटला. पाण्यातच त्यांनी तो दगडाच्या कपचीवर दोऱ्याने बांधला, तिथेच रुजून त्याचा नवा स्पंज व्हायचा होता. आता डबा बुडवायचा, तुकडा आत सरकवायचा, पाण्याखालीच झाकण लावायचे. पण तुकडा असा देखणा उतरला होता की त्यांना राहवले नाही.

"बघ, बघ तरी कसा आलाय!"

त्यांनी तो वर उचलून तिच्यासमोर धरला. दिव्याखाली निखारा फुलावा तसा तो उजळला. छिद्राछिद्रांतून पाणी निथळू लागले.

थेंब फरशीवर टपटपले तसे ते भानावर आले. पाणी गळते तिथे हवा शिरते, आणि शिरलेली हवा निघत नाही. स्पंज आतून कुजत जातो. हे त्यांनीच तिला शिकवले होते. शिकवले कसले, अंगावर धावून गेले होते. लहानपणी तिने असाच एक स्पंज टाकीतून ओंजळीत उचलून आणला होता, "बाबा, बघा ना!" म्हणत. त्यानंतर टाकीला तिचा हात लागला नव्हता.

त्यांनी घाईने तुकडा बुडवून डब्यात सरकवला. झाकण काही केल्या बसेना.

लेक पुढे आली. बाही न सारताच तिने पाण्यात हात घातला आणि झाकण दाबून बसवले.

"हा जगायचा नाही गं. थांब, दुसरा कापतो."

"माहीत आहे मला. असू दे, हाच नेते."

"मग मी उचलला तेव्हाच बोलली का नाहीस?"

तिने डबा टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला.

"किती हौसेने दाखवत होतात, बाबा."