अनुक्रमांक अकरा, निशाणी शेळी

घाटनांदूरच्या मोहनरावांच्या घरात मतांचा विषय निघाला नाही असा दिवस जात नसे. मोहनराव दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आले, एकदा पडले, आणि पडल्याचं ते एक वर्ष सोडलं तर बैठकीतलं चहाचं पातेलं कधी गार झालं नाही. कुणाची सोयरीक ठरो, कुणाची म्हैस व्यावो, शेवटी गाडी घसरायची ती वार्डावार्डातल्या मतांवर. अशा घरात वाढल्यामुळं त्यांच्या लेकीला, शिवकन्येला, मत मागण्याचा मनापासून वीट आला होता. पण दैव मोठं खोडकर. तिनं स्वतःच्या हिमतीवर जे एक काम उभं केलं, तेही शेवटी मतांपाशीच येऊन अडकलं.

शिवकन्या अंबाजोगाईच्या एका कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळायची. ती नोकरी पोटासाठी. जिवासाठी होती 'चौपदरी'. ही तिची वेबसाइट, ट्रॅकर संगीताच्या आणि डेमोच्या वेड्यांचा कट्टा. आता ट्रॅकर म्हणजे काय, हे तिनं घरात निदान वीस वेळा सांगितलं असेल आणि वीसही वेळा ते वाऱ्यावर गेलं. तुम्ही तरी ऐका. पडद्यावर चार उभे रकाने असतात. त्यांत ओळीओळीनं लिहायचं, कुठला आवाज, कुठल्या सुरात. ओळी वर सरकत जातात आणि गाणं वाजतं. आवाज म्हणजे ध्वनिमुद्रणाचा एवढासा तुकडा. ढोलाची एक थाप घ्या, नाहीतर दाराची करकर घ्या. सगळं मिळून फाइल इतकी लहान, की तेवढ्यात लग्नातला एक धड फोटो मावायचा नाही. युरोपातल्या पोरांनी जुन्या संगणकांवर हा खेळ सुरू केला. कुणी असं संगीत करायचं, तर कुणी चिमूटभर प्रोग्राममधून पडद्यावर डोंगर आणि समुद्र उभे करायचं आणि त्याला डेमो म्हणायचं. पैसा कुणालाच नाही. हौस, दुसरं काय.

या संगीताची एक खोड शिवकन्येला फार आवडायची. गाणं उघडून आत बघता येतं. कुणी कुठला आवाज कुठं ठेवला, कुठं चोरून लबाडी केली, सगळा उघड्यावरचा संसार. कॉलेजात शिकताना एका मोबाइल गेमची धून तिच्या कानात बसली होती. ती कशी केली असेल या उत्सुकतेपोटी शोधत शोधत ती इथवर आली आणि मग तिथंच रमली. चौपदरीवर आता दोनेकशे लोक होते. त्यात बार्शीचा एक दातांचा डॉक्टर होता, ब्राझीलमधले एक आजोबा होते, आणि फिनलंडचा एरो नावाचा पोस्टमन होता. तिथं बर्फ पडला की टपाल उशिरा जातं आणि एरोची गाणी लवकर येतात, असं सगळे म्हणायचे.

दर जानेवारीत चौपदरीवर स्पर्धा व्हायची. गाण्यावर नाव नाही, नुसता नंबर. ऐकणाऱ्यानं प्रत्येक गाण्याला पाचपैकी गुण द्यायचे आणि नावं निकालानंतर फुटायची. आपलं गाणं कुठलं हे सांगणं, नाहीतर कुणाकडून सांगवणं, हे मोठं पाप. शिवकन्येनं स्वतःच्या हातानं स्पर्धेच्या पानावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मत मागणारा बाद.' ते लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर कोण होतं हे सांगायची गरज नाही.

यंदा तिनं दोन गोष्टी नव्यानं केल्या. गेल्या वर्षी जेमतेम अकरा जणांनी मतं दिली होती, म्हणून सभासद नसलेल्यांनाही मत द्यायची मुभा दिली. आणि पहिल्यांदाच गुपचूप स्वतःचं गाणं स्पर्धेत घातलं. संयोजकानं भाग घ्यायला नियमाची आडकाठी नव्हती, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

कारण तिला एकदा कळून घ्यायचं होतं, आपलं गाणं चांगलं आहे का? सहा वर्षं ती दुसऱ्यांची गाणी मांडत आली होती. घरी विचारावं तर आई, सुनिता, कोथिंबीर निवडता निवडता पहिल्या दोन ठेक्यांतच "लई भारी" म्हणून मोकळी व्हायची. चौपदरीवर विचारावं तर ताईच्या मानाखातर लोक गोडच बोलणार. नाव नसलेलं गाणंच काय ते खरं ऐकून घेईल, असा तिचा हिशेब होता.

गाण्यातला मुख्य आवाज होता चतुराबाईचा. चतुराबाई रोज सकाळी मोहनरावांच्या घरामागून शेळ्या घेऊन माळाकडं जायची आणि जाताना एक लांब हाक घालायची, आधी वर चढणारी आणि मग मोडून खाली येणारी. शिवकन्येनं तिला विचारून ती फोनवर घेतली होती.

"याचं काय करनार, बाई?" चतुराबाईनं विचारलं होतं.

"गाणं करते, मावशी."

"शेळ्यांला वळखू येईल ना?" एवढंच विचारून ती पुढं गेली.

शेळ्यांचं माहीत नाही, पण भागवतला ती हाक ओळखू आली. भागवत म्हणजे मोहनरावांचा जुना कार्यकर्ता, गाडीही तोच चालवायचा आणि व्हॉट्सअॅपचे सगळे ग्रुपही तोच. शिवकन्येनं स्टेटसला नुसती स्पर्धेची लिंक टाकली होती, ऐका म्हणून. भागवतनं ऐकलं, आणि अकराव्या गाण्यात चतुराबाई ओरडली.

पुढचं शिवकन्येला तिसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. पान उघडलं तर अकरा नंबर रॉकेटसारखा वर गेलेला. चारशेच्या वर मतं. खोटं कशाला सांगा, पहिला घोट चहा पोटात जाईपर्यंत तिला फार आनंद झाला. कोण असतील एवढे लोक? कुठल्या देशातले? मग तिनं मतं देणाऱ्यांनी मागं टाकलेले शेरे वाचले. 'ताई तुम आगे बढो हम तुम्हारे साथ हैं.' 'समस्त घाटनांदूर मित्रमंडळ.' 'परळीहून व्यापारी बांधवांचा जाहीर पाठिंबा.' जवळजवळ प्रत्येकानं अकराला पाच गुण दिले होते आणि बाकीच्या तेरा गाण्यांना हातही लावला नव्हता. एकानं तर भागवतचा मूळ संदेशच तिथं चिकटवला होता, 'आपल्या साहेबांची कन्या उभी आहे. अनुक्रमांक अकरा, निशाणी शेळी. विसरू नका.'

चहा तिथंच राहिला.

त्याखाली फिनलंडच्या एरोचा निरोप होता, आणि तो वाचून तर तिला रडावं की हसावं तेच कळेना. एरोला मराठी कुठली येतेय. त्यानं नुसती गावांची नावं नकाशावर शोधली होती. 'घाटनांदूर हे काय प्रकरण आहे?' त्यानं विचारलं होतं. 'आमच्या अख्ख्या देशात शंभर ट्रॅकरवाले नाहीत आणि तुमच्या एका गावात चारशे? पाण्यात काही आहे का? मी पुढच्या वर्षी रजा काढून येतो. रेल्वे स्टेशन दिसतंय. राहायची सोय होईल का?'

दुपारी कॉलेजातून येऊन ती थेट बैठकीत गेली. मोहनराव लोडाला टेकून बसले होते, भागवत दाराशी चपला घालत होता. तिला बघताच तो हसला, मग तिचा चेहरा बघून चपलांकडं बघू लागला.

"अण्णा, हे कावून केलं तुमी?"

"काय केलं?" मोहनराव म्हणाले. "पोरगी उभी राहिली अन् बापाला दुसऱ्याकडून कळतंय. त्यात बी आमी मनाला लावून घेतलं न्हाई. कामाला लागलो."

"मी उभी नव्हते राहिले. गाणं ठेवलं होतं नुसतं."

"मतं व्हती का न्हाई? मंग? मतं हाईत म्हंजी मागावी लागतेत. न मागता देतंय का कुनी? काय बे भागवत?"

भागवतनं मान हलवली आणि गाडी पुसायच्या निमित्तानं बाहेर सटकला.

शिवकन्या समोर बसली. तिला राग आला होता, पण रागाहून वाईट असं काहीतरी आत बसलं होतं. "तिथं लाल अक्षरात लिवलंय, मत मागणारा बाद. मीच लिवलंय. आता मलाच बाद व्हावं लागतंय. लोकांना सांगावं लागतंय की अकरा नंबर माझा, अन् माझ्याच घरच्यांनी गोंधळ केला. ते जाऊ द्या. पण मला एकच बघायचं होतं अण्णा, हे गाणं कुनाला आवडतंय का. ते आता कधीच कळायचं न्हाई. चारशे जनांत एकानं तरी ऐकलं असंल का?"

बाहेर भागवत कोरडी काच पुसत होता.

"मी सगळी मतं रद्द करायली," ती उठत म्हणाली.

"सगळी म्हंजी?" मोहनराव पुढं झुकले. "माझं बी?"

"तुमचं बी."

"माझं कावून? मी अकराला पाच देल्लेच न्हाईत."

शिवकन्या पुन्हा बसली.

"मंग कुनाला दिले?"

"मत गुप्त असतंय," मोहनराव म्हणाले आणि पानाचा डबा ओढू लागले. पण लेक हटत नाही म्हटल्यावर त्यांनी डबा बाजूला केला. "सातला."

"सातला? तुमी ऐकलं कधी?"

"परवा परळीला गेलतो ना. येताना फाटक पडलं, पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं थर्मलच्या राखेचे टिप्पर. हलायची सोय न्हाई. भागवतला म्हनलं, लाव ते तुमचं काय हाय ते. चौदा बी ऐकली. सात नंबरचं दोनदा लावाया सांगितलं. सगळ्यांला गुन देल्ले मी. तू म्हनतीस तसंच."

"अन् मला?"

"तुला तीन. खरं म्हंजी अडीच व्हते, पन तुझ्या मशीनीत अर्ध्याची सोय न्हाई."

शिवकन्येला हसू आलं आणि त्याच दमात झोंबलंही. अडीच म्हणजे काय? बापानं जिल्हाभर माणसं कामाला लावली लेकीसाठी आणि स्वतःचं मत टाकलं परक्याला.

"लोकांला कावून सांगितलं मंग पाच द्या म्हून?"

"मागायचं निराळं, द्यायचं निराळं. मागताना आपलं मानूस बघायचं. पडद्यामागं गेलं की खरं ते करायचं." मोहनराव थोडे ओशाळले होते. "आता इचारतीस म्हून सांगतो. सातमधी एक जन बोलतोय अन् बाकीचे ऐकतेत. तुझ्यात सगळे एकदमच बोलायलेत. आमच्या मीटिंगीसारखं. ती चतुराबाईची हाक आली तवा मी भागवतला म्हनलं, थांब, आता कायतरी व्हतंय. तेवढ्यात तुझा ढोल आला अन् म्हातारीला दाबून टाकलं."

तीस वर्षांच्या आयुष्यात शिवकन्येला बापाकडून कौतुक पोत्यानं मिळालं होतं. दहावीला मिळालं, नोकरीला मिळालं, केस कापले तेव्हाही मिळालं. त्यातलं काही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. हे अडीच गुण मात्र तिला एकदम खरे वाटले. ती आत जाऊन लॅपटॉप घेऊन आली.

तिनं गाणं उघडलं. मोहनराव चष्मा लावून तिच्या शेजारी सरकले. चार रकाने आकड्यांनी गच्च भरले होते, एक ओळ म्हणून रिकामी नव्हती. आपण एवढं ठासून भरलंय हे तिलाही आजच दिसत होतं.

"यातला ढोल कुठला?"

तिनं दाखवला.

"ह्याला गप बसवता येतंय?"

"येतंय." तिनं एक बटण दाबलं. रकाना मुका झाला. मग दुसरा केला, तिसरा केला.

"मला असलं बटन मीटिंगीत पायजे व्हतं," मोहनराव म्हणाले.

ओळी सरकू लागल्या. बऱ्याच रिकाम्या गेल्या. मग चतुराबाईची हाक आली, वर चढली, मोडून खाली आली, आणि तिच्या मागं काहीच आलं नाही. मोहनराव पडद्याकडं बघत राहिले. बाहेर भागवतचा हात काचेवर थांबला होता. हाक पुन्हा येईपर्यंत बापलेक दोघंही गप्प बसले, आणि त्या घरात एवढा वेळ कुणी न बोलता बसल्याचं शिवकन्येला आठवत नव्हतं.

"आता किती?" तिनं विचारलं.

"पुरं तर कर आधी," मोहनराव म्हणाले. "मंग बघू."

संध्याकाळी तिनं चौपदरीवर सगळं लिहिलं. अकरा नंबर माझा, मतं माझ्या घरच्यांनी मागितली, म्हणून अकरा नंबर बाद. नुसत्या अकराला दिलेली सगळी मतं रद्द. चौदाही गाणी ऐकून दिलेलं घाटनांदूरचं एक मत तेवढं कायम, ते न मागता आलेलं आहे.

एरोचं उत्तर लगेच आलं. तो जरा हिरमुसला होता. 'म्हणजे तुमच्या गावात खरे ट्रॅकरवाले आहेत तरी किती?'

'करणारी एक,' तिनं लिहिलं, आणि बैठकीकडं नजर टाकली. तिथं मोहनराव भागवतच्या फोनवर सात नंबर पुन्हा लावायला सांगत होते आणि फोन आला की चिडत होते. 'ऐकणारा एक. तुम्ही या. राहायची सोय होईल.'